कंबरेनं उचललेला हात

लकवा झालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. म्हणून मी सल्ला देत नाही. मी काय काय केलं एवढंच सांगतो. वाचणाऱ्यानं त्याच्या बरोबर उलटं केलं तरी त्याचं निम्मं काम होईल. उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टर आहेत.

शिट्टी

मी शारीरिक शिक्षणाचा मास्तर. घर पिंपळगाव राजाला, शाळा जवळच्याच एका गावात. आयुष्यभर मी एकच काम केलं: दुसऱ्यांचे हातपाय हलवायला लावले. स्वतःचे फारसे हलवले नाहीत. पोट सुटलं होतं, रक्तदाबाची गोळी आठवली तर घ्यायची अशी पद्धत होती, आणि कवायतीचे प्रकार मी खुर्चीत बसून शिट्टीवर घ्यायचो.

त्या सकाळी परिपाठाला शिट्टी तोंडातून गळून पडली. उचलायला वाकलो, तर उजवा हात सोबत आलाच नाही. डाव्यानं उचलली. तोंडात धरली, पुन्हा पडली. मग म्हटलं, शिट्टी राहू दे, तोंडानंच सांगू. ‘विश्राम’ म्हणायला गेलो आणि बाहेर काहीतरी ‘इसाम’सारखं पडलं. पोरांनी ते विश्राम समजून पाय फाकवले. इतकी शिस्तीची पोरं. मी तिथंच आडवा झालो असतो तरी बहुधा नवीन आसन समजून तीही आडवी झाली असती.

मी आमच्या क्लार्कला म्हणालो की गॅस झालाय, जिरं-ओवा आण. मुख्याध्यापक मात्र माझं वाकडं झालेलं तोंड पाहून आपली गाडी घेऊन आले, आणि मला तिच्यात कोंबून थेट खामगावला निघाले. वाटेत मी सारखा ‘ओवा, ओवा’ म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही म्हणून मी आज हे लिहितोय. या अख्ख्या गोष्टीत शहाणपणानं वागलेला तो पहिला माणूस. आणि डोक्याचा फोटो काढून झाल्यावर ‘काही निघालं का?’ असं विचारणाराही पहिला तोच.

फोटो उलटा

निघालं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ अडकली होती, रक्ताची. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला.

मी बोबड्या जिभेनं त्यांना समजावलं, “डॉक्टरसाहेब, गेला उजवा हात. तुम्ही डावीकडं पाहून राह्यले. फोटो पलटवा.”

डॉक्टरांनी फोटो पलटवला नाही. डाव्या मेंदूची सत्ता उजव्या अंगावर असते, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी शाळेत कधीमधी विज्ञानाचा तासही घेतो हे त्यांना सांगायचं माझं धाडस झालं नाही.

माझी बायको सुलोचना शेजारी उभी होती. तिनं विचारलं, “जीवाले धोका?” डॉक्टर म्हणाले, तो टळल्यासारखा आहे. मग ती म्हणाली, “हात?” डॉक्टर म्हणाले, बघू. ‘बघू’ हा शब्द मी पालकांना वर्षानुवर्षं वापरत आलोय, त्यामुळे त्यात काय असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या दुपारी मी चादर तोंडावर ओढून घेतली. झोपलोय असं सगळ्यांना वाटलं. सुलोचनाला वाटलं नाही. ती चादरीवरूनच माझं डोकं थोपटत राहिली.

दवाखान्यातले दिवस एकसारखे. सकाळी सुई, मग उपमा, मग मला उठवून बसवणाऱ्या दोन सिस्टर. त्यातली एक माझ्याच शाळेतली जुनी विद्यार्थिनी निघाली. “सर, आता म्या म्हणते तसं करायचं,” असं म्हणून तिनं मला पहिली पावलं टाकायला लावली. मी कुचराई केली की ती माझ्याच आवाजात ओरडायची, “पाय उचला, पाय! शेवया वळून राह्यले काय?” अख्खा वॉर्ड हसायचा. पाय बिचारा लाजेखातर सुधारला. थोडा फरफटतो, पण चालतो.

पेढे

घरी आलो तेव्हा उजवा हात ओल्या टॉवेलसारखा होता. उचलून मांडीवर ठेवला की तिथंच, घसरला की तिथंच. काही आठवडे असे गेले. आणि एका सकाळी मला दिसलं की बोटं आत वळताहेत. कोपरही वाकतंय. सुलोचनानं हात सरळ करायला पाहिलं, तर हातानं चक्क विरोध केला!

“ताकद आली!” मी ओरडलो.

माझा मेहुणा प्रल्हाद तिथंच चहा पीत होता. सुलोचनाचा धाकटा भाऊ. तरुणपणी आखाड्यात चार-दोन वर्षं लोळलेला, त्यामुळे हाडं, नसा आणि तेल या तीन विषयांत आपण तज्ज्ञ आहोत असा त्याचा समज. त्यानं माझी मूठ दाबून पाहिली आणि निकाल दिला, “जवाई, मूठ वळली. आता महिन्याभरात शड्डू ठोकसान.”

आम्ही पेढे वाटले. अख्ख्या गल्लीत. लोक येऊन माझी घट्ट मूठ पाहून गेले.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मात्र पेढा हातात घेतला, माझी मूठ पाहिली, आणि पेढा परत ठेवला. “सर, ही ताकद नाही,” त्या म्हणाल्या. “ही आखडी आहे.” मेंदूचा लगाम सुटला की स्नायू आपल्याच मनानं आवळत जातात, अशी ती भानगड. मी माझ्या आजाराच्या वाढीचे पेढे वाटले होते.

पुढं पुढं मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतायला लागली. सुलोचना रोज माझा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उकलायची, आत ओलं फडकं फिरवायची, नखं कापायची. तळवा कोंदट वास मारायचा. ती नाक मुरडायची नाही. मीच तोंड फिरवून बसायचो, आणि तिचा हात जरा जोरात लागला की वसकन ओरडायचो. एकदा फारच ओरडलो. तिनं फडकं माझ्या मांडीवर टाकलं, म्हणाली, “मंग उघडा तुम्हीच,” आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी बराच वेळ त्या मुठीकडं पाहत बसलो. माझ्याच अंगाची एक वस्तू आणि मला तिचं झाकण निघत नव्हतं.

थोड्या वेळानं ती परत आली, खाली बसली आणि राहिलेली बोटं उकलली.

पाहुणे आणि युक्ती

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे, आणि लकव्याच्या आजाऱ्याला भेटायला गेलं की त्याचा हात ओढून पाहायचीही रीत आहे. येणारा प्रत्येक जण चहाच्या आधी माझा हात धरून हिसडा द्यायचा आणि म्हणायचा, “अजून कडकच हाय वो!” त्याला कोणी सांगावं, की हळू धरला तर हा हात थोडाफार येतो, आणि हिसडा दिला की म्हशीनं चारी पाय रोवावेत तसा अडतो.

वडनेर भोलजीहून आलेल्या एका लांबच्या नातेवाइकानं पिशवीतून जिवंत कबुतर आणलं होतं. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात म्हणे. सुलोचनानं पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं, एवढंच निमित्त. कबुतर माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर गेलं. जाताना जे करून गेलं, ते मात्र माझ्या उजव्या खांद्यावर. पाहुणा म्हणाला, “हे बी चालते.”

हिसडा खाऊन झाल्यावर दुसरा हुकूम असायचा, “उचला बरं.” आणि इथं मी एक युक्ती शोधली. हात उचलायचाच नाही. अंग डावीकडं झुकवायचं, कंबरेतून हेलकावा घ्यायचा, खांदा कानाला लावायचा; वाकलेला हात आपोआप छातीपर्यंत येतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हात उचलला! लोक टाळ्या वाजवायचे. म्हातारी माणसं डोळे पुसायची. मी इतका तयार झालो की कोणी सांगायच्या आधीच उचलून दाखवायचो.

सुलोचना एकदा म्हणाली, “हात काही हालून नाही राह्यला तुमचा. कंबर हालून राह्यली.”

“तुले काय समजते त्यातलं? म्या शारीरिक शिक्षणाचा माणूस आहे,” मी म्हणालो.

मशीन

डॉक्टरांना मात्र टाळ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून साफ सांगितलं. हा हात कडक असण्याची दोन कारणं असू शकतात. एक, मेंदूकडून चुकीचे हुकूम येताहेत आणि स्नायू ते पाळतोय. तसं असेल तर त्या त्या स्नायूत इंजेक्शन देऊन त्याला ढिला करता येतो, मग व्यायामानं हात उघडू शकतो. दुसरं, स्नायूच आटून आखूड झालाय, वाळलेल्या कातड्यासारखा. तसं असेल तर इंजेक्शनाचा उपयोग नाही आणि ते द्यायचंही नाही.

“मग पाहून सांगा ना,” सुलोचना म्हणाली.

“पाहतोय, पण तुमचे सर दर वेळी काहीतरी करतात,” डॉक्टर म्हणाले. “कधी जोर लावतात, कधी झुकतात. माझ्या हाताला नक्की कळत नाही. आपल्याकडं सध्या एक इंजिनिअर मॅडम आल्या आहेत, त्यांच्या यंत्रावर मोजून घेऊ. त्यावरून इंजेक्शनचं ठरवतो.”

आता हे एवढं सोपं मराठी. पण मी मास्तर. ‘मोजून घेऊ’ आणि ‘ठरवतो’ एवढेच दोन शब्द माझ्या डोक्यात शिरले, आणि त्यांचा अर्थ मी लावला: परीक्षा. वरून शाळेत कुजबुज चालू होती की ज्याचा हात चालत नाही त्याला कवायतीचा मास्तर कसा ठेवायचा. मी ठरवलं, या मशीनपुढं असा हात दाखवायचा की तिनं पहिल्या श्रेणीत पास केलं पाहिजे.

घरी येऊन प्रल्हादला बोलावलं. “परीक्षेच्या दिवशी हात लोण्यासारखा पाहिजे,” मी म्हणालो.

“तेलाशिवाय गंमत नाही जवाई,” तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच त्यानं गरम पाण्याचे शेक दिले. मग कोमट तिळाचं तेल घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत असं जिरवलं, की मला स्वतःलाच भूक लागली. मग हात हळूहळू ताणून, उशीखाली दाबून, त्यावर स्वतः बसला. हात खरंच थोडा ढिला पडला. सुलोचना दारातून म्हणाली, “हे डॉक्टरनं सांगतलं काय?”

“अवं, परीक्षेले पोरगं अभ्यास करून जाते का तसंच जाते?” मी म्हणालो.

काड्यांचा माणूस

इंजिनिअर मॅडम म्हणजे मला मुलगी शोभेल अशा वयाची, पुण्याची मृणाल. बोलणं असं स्वच्छ की आपण चपला बाहेर काढाव्यात असं वाटावं. खोलीत भिंतींवर कॅमेरे, टेबलावर संगणक. तिनं समजावलं: हातावर चमकणारे छोटे मणी लावायचे, ते पाहून संगणक माझ्या हाताचं हाडांचं चित्र तयार करतो, कोणता सांधा किती वाकला ते मोजतो. स्नायूंवर चिकट पट्ट्या लावायच्या, त्यातून स्नायू कधी जागा होतो ते कळतं. मग ती माझा हात आधी हळू ओढणार, नंतर झटकन.

“हळू ओढल्यावरही तेवढाच कडक, तर स्नायू आखूड झालाय,” ती म्हणाली. “झटकन ओढल्यावर मध्येच अडला, आणि त्याच क्षणी पट्टीवर स्नायू जागा झाला, तर ती आखडी. म्हणजे इंजेक्शन. बहुतेक दोन्ही थोडं थोडं असतं. किती किती, ते शोधायचं.”

मी मान डोलावली. ऐकलं काही नाही.

तिनं पहिली पट्टी लावली. पट्टी घसरली. दुसरी लावली, ती मनगटापर्यंत गेली. तिसरी तिच्याच बोटाला चिकटली. मणी तर गोट्यांसारखे टपाटप जमिनीवर. मृणालनं माझा हात नाकाजवळ नेला.

“सर, हा तेलाचा वास आहे?”

“तीळ,” सुलोचना म्हणाली. “अर्धी वाटी. यांच्या साळ्यानं जिरवलं.”

स्पिरिटचे बोळे आले, साबण आला. मला वॉश बेसिनपाशी नेऊन एखाद्या परातीसारखं घासलं. माझी सगळी पहाटेची शेकाशेकी थंड पाण्यानं धुऊन निघाली आणि हात पुन्हा होता तसा आवळला.

अखेर मणी बसले. संगणकावर काड्यांचा एक माणूस उभा राहिला: पाठीची काडी, खांद्याची काडी, हाताच्या दोन काड्या. मी हललो की तोही हलायचा. मला तो आवडला. माझ्यापेक्षा बारीक होता.

“आधी तुम्ही स्वतः हात उचलून दाखवा,” मृणाल म्हणाली.

याच क्षणासाठी मी आलो होतो. मी झुकलो, हेलकावा घेतला, खांदा कानाला भिडवला. हात छातीला आला. मी टाळ्यांची वाट पाहिली.

पडद्यावर काड्यांचा माणूस कंबरेतून मोडल्यासारखा वाकडा झाला होता. त्याच्या हाताच्या दोन काड्या मात्र एकमेकींना चिकटून, होत्या तिथंच.

“सर, कोपर हललंच नाही,” मृणाल म्हणाली. “तुम्ही कंबरेनं उचलताय.”

सुलोचनानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती. खांदे हलत होते तिचे. बाहेर पडलेला आवाज हुंदक्यासारखा होता, पण ते हसूच होतं. घरात गेल्या कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं तसलं. “म्या म्हणत होती ना! म्या म्हणत होती ना!”

“मॅडम, कॅमेरा तिरपा लागला असन,” मी म्हणालो.

मग ओढून पाहण्याची वेळ आली. “हात अगदी सैल सोडा. तुम्ही काहीही करायचं नाही.” आता मला आयुष्यात ‘काहीही करू नका’ असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी ते कोणालाच शिकवलं नव्हतं. तिनं हात ओढला की मीही त्याच दिशेला खांद्यानं ढकलायचो.

“सर, तुम्ही मदत करताय.”

“तुम्ही एकट्या ओढून राह्यल्या, बरं दिसते काय?”

“पण मग मशीनला हात ढिला वाटतो. हे असंच राहिलं तर आखडी दिसणारच नाही, आणि डॉक्टर इंजेक्शन देणार नाहीत.”

सुलोचना पुढं आली. “म्हणजे मॅडम, हात बिघडलेला दिसला तं इंजेक्शन, अन् चांगला दिसला तं घरी?”

“हो काकू. जो बिघाड आहे तो खरा दिसला पाहिजे.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तेल लावून, शेकून, युक्त्या करून, स्वतःलाच औषधापासून लांब ओढत आणलं होतं. हा हात असाच बंद राहिला तर? सुलोचना जन्मभर फडकं घेऊन बोटं उकलत बसणार? मी म्हटलं, पुन्हा घ्या.

आणि पुन्हा घेतलं तेव्हा दुसरं टोक गाठलं. बिघडलेला दाखवायचा ना? दाखवतो! मी दात आवळले, सगळा जीव दंडात आणला. पट्टीची रेघ पडद्यावर नाचायला लागली.

“सर,” मृणाल हताश होऊन म्हणाली, “मी अजून हात धरलाच नाहीये.”

भांडण

घामानं मणी पुन्हा सुटायला लागले होते. मृणाल घड्याळाकडं पाहत होती. बाहेर दुसरा पेशंट खोकत होता. मी जितकं सैल सोडायचं ठरवावं तितका हात ताठ. तेव्हा सुलोचना भिंतीला टेकून, सहज सांगावं तशी म्हणाली, “ते म्या सांगाचंच राह्यलं. तुमची मोटारसायकल प्रल्हादले देऊन टाकली.”

“काय?”

“दारात गंजूनच राह्यली होती. त्याले लागते वावरात जायला. कालच चाबी देल्ली.”

“कोणाले विचारून? माह्या गाडीले हात लावाचं काम नाही! त्या प्रल्हादले सायकल येत नाही नीट, तो माही गाडी—”

“तुम्ही चालवणार हा काय?”

“चालवीन! न चालवीन! ते माहं म्या पाहीन! आता फोन लाव त्याले!”

“फोन लावते, पण त्यानं आरसा तोडला आधीच.”

“आरसा!”

माझ्या तोंडातून त्यानंतर जे निघालं ते शाळेच्या आवारात चालत नाही. मी पार वळून तिच्याकडं बघत होतो. आणि मागं कोणीतरी माझा हात हळूच ओढत होतं, सोडत होतं, झटकन ओढत होतं. माझं लक्षच नव्हतं.

“काकू, थांबू नका,” मृणाल हलक्या आवाजात म्हणाली. “अजून एकदा.”

“आरसा डाव्या बाजूचा,” सुलोचना म्हणाली. “अन् सीटही फाडली.”

मृणालनं हात झटकन ओढला. मध्येच तो असा अडला, की मला भांडणातही जाणवलं. पडद्यावर रेघ टणकन उभी राहिली. मृणाल खुर्चीतून उठलीच.

“बघा सर! हळू ओढला तेव्हा बघा, आणि झटकन ओढला तेव्हा बघा! किती स्पष्ट आखडी आहे! इतकी सुंदर रेघ मला फार कमी वेळा मिळाली!”

माझ्या कोणत्याही अवयवाला सुंदर म्हणणारी ती पहिलीच. मी लाजलो. मग आठवण झाली.

“अन् गाडी?”

“दारातच हाय,” सुलोचना म्हणाली. “चाबी माह्याच डब्यात हाय. कोणाले देऊ तिले?”

इंजेक्शन

डॉक्टरांनी रेघा पाहिल्या. बराचसा दोष चुकीच्या हुकुमांचा. थोडा स्नायूही आखूड झालाय, तेवढा कदाचित तसाच राहील. कोणत्या स्नायूला सुई द्यायची ते त्यांनी त्यावरून ठरवलं. सुया दुखल्या. मी ओरडलो नाही, कारण ती जुनी विद्यार्थिनी ट्रे धरून उभी होती.

मला वाटलं होतं, घरी जाईपर्यंत मूठ डब्याच्या झाकणासारखी उघडेल. बसमध्ये मी सारखी पाहत होतो. दुसऱ्या दिवशी पाहिली, त्यानंतर रोज पाहिली. काही नाही. मग हळूहळू कोपर ढिलं झालं. फडकं फिरवताना सुलोचनाला जोर लावावा लागेना. पण माझ्या मनानं बोट उघडायचं म्हटलं तर शून्य. सुई ढिलं करते, काम शिकवत नाही. ते आपलं आपण करायचं असतं. टेबलावर टॉवेल ढकलणं, रात्री बोटं सरळ ठेवणारा फळीचा पट्टा बांधून झोपणं, पेल्याभोवती बोटं नेणं. इतका कंटाळवाणा तास मी पोरांनाही कधी दिला नव्हता. चिडलो, रुसलो, दोनदा पट्टा फेकला. दोन्ही वेळा तो प्रल्हादला लागला, हा योगायोग नाही.

मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला की शाळा कुठं पळून जात नाही, डाव्या हातानं शिट्टी वाजत नाही असं कुठं लिहिलंय? ते वाचून बरं वाटलं. पण खरं सांगतो, तोवर मला शाळेचं काही राहिलं नव्हतं. मला फक्त ती मूठ हवी होती, उघडलेली.

खामगाव स्टँड

परवा दुसऱ्या तपासणीला गेलो होतो. पहिलीपेक्षा बरं आहे, चालू ठेवा, एवढंच डॉक्टर म्हणाले. परत येताना सुलोचनानं बाजार केला: वांगी, टमाटे, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. स्टँडवर आल्यावर तिनं पिशवी माझ्यापुढं धरली. मी डावा हात पुढं केला.

“तो नाही. तो,” ती म्हणाली.

उजव्या बोटांत तिनं पिशवीचा बंद अडकवला. बोटांनी धरला. हात खाली लोंबकळला, वजनानं सरळ झाला. मी छाती काढून बसमध्ये चढलो, जागा मिळाली, आणि पिशवी खाली ठेवायला गेलो.

हात सोडेना. धरणं त्याला येत होतं. सोडायचं कसं ते विसरला होता. मागं माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, “बसा मास्तर, पिशवी ठेवा खाली.” मी डाव्या हातानं बोटं उकलायला गेलो, तर सुलोचनानं तो डावा हात मनगटाशी धरला. मागचा एक जण म्हणाला, “ओढा ना पिशवी, काकू!”

“कोणी ओढू नका!” सुलोचना अख्ख्या बसला म्हणाली. “ओढलं तं आणखी धरते तो. त्यालेच सोडू द्या.”

बस सुटायची थांबली. ड्रायव्हरनंही मागं वळून पाहिलं. मी कंबरेला म्हटलं, तू गप्प बस. दंडाला म्हटलं, तूही. आणि बोटांना हळूच सांगितलं. आधी काहीच झालं नाही. मग करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. बंद निसटला, पिशवी धप्पकन पडली, आणि टमाटे सगळ्या बसमध्ये सुटले. सीटखाली, चपलांखाली, कंडक्टरच्या पायांत. माणसं वाकून वेचायला लागली. एक म्हातारा म्हणाला, “हा चेंदला वो!”

“अवं, टमाटे पाह्य ना!” मी म्हणालो.

सुलोचना टमाट्यांकडं पाहतच नव्हती. माझा तळवा वर होता, पांढरट, मऊ, नखांचे वण असलेला, आणि कोणीही न उकलता उघडा.

“टमाटे उद्या बी भेटतीन,” ती म्हणाली. “हात तसाच ठेवा जरासा. पाहू द्या मले.”